नव्या मोबाईलची पहिली कसोटी : ‘ळ’ उमटतो का?

जबलपूरच्या जुन्या बाजारपेठेत, बडा फुहारा परिसरात, कमानिया गेट उभे आहे. १९३९ साली शहरालगत त्रिपुरी येथे सुभाषचंद्र बोस यांच्या अध्यक्षतेखाली भरलेल्या काँग्रेस अधिवेशनाची आठवण ही कमान जपते. येथे किंवा अन्य कोणत्याही हिंदीभाषक शहरात नवा मोबाईल घेताना ग्राहकाचे पहिले मत बनते ते पडदा, कॅमेरा, वजन आणि किंमत पाहून. मराठी कुटुंबाने मात्र, विशेषतः घरातील वडीलधाऱ्यांसाठी फोन घेताना, आणखी एक गोष्ट दुकानातच पाहून घ्यावी. त्या फोनवर मराठी नीट लिहिता येते का?

जबलपूरशी मराठीचा संबंध जुना आहे. १७९८ ते १८१७ या काळात हा प्रदेश नागपूरकर भोसल्यांकडे होता. पुढे १८६१ मध्ये मध्य प्रांताची स्थापना झाली आणि १९५६ च्या राज्य पुनर्रचनेपर्यंत जबलपूर व नागपूर एकाच प्रांतात राहिले. अशा शहरांतील मराठी घरांत बाहेरचा व्यवहार हिंदीत आणि घरातला मराठीत चालतो. त्यामुळे नव्या फोनवर विक्रेत्याने हिंदी भाषा निवडून दिली, तर ‘देवनागरी आहे, म्हणजे मराठीही आलीच’ असा समज सहज होतो.

हा समज अपुरा आहे. लिपी एक असली तरी दोन्ही भाषांच्या गरजा वेगळ्या आहेत. हिंदीच्या नेहमीच्या लेखनात ‘ळ’ लागत नाही. मराठीत त्यावाचून पान हलत नाही. ‘काळ’ आणि ‘काल’, ‘वेळ’ आणि ‘वेल’, ‘कळ’ आणि ‘कल’ यांचे अर्थ निराळे आहेत. पोटात कळ आल्याचे कळवायचे असेल, तर ‘कल’ लिहून भागत नाही. अर्ध्या ‘र’चेही तसेच आहे. ‘दर्या’ म्हणजे समुद्र, तर ‘दऱ्या’ डोंगरांतल्या. ‘आचार्यांना’ दिलेले निमंत्रण ‘आचाऱ्यांना’ गेले, तर स्वयंपाकघरात गोंधळ उडेल.

ही अक्षरे संगणकीय व्यवस्थेत नाहीत असे मुळीच नाही. जगातील लिप्यांना सांकेतिक क्रमांक देणाऱ्या युनिकोड या प्रमाणकात देवनागरी १९९१ च्या पहिल्या आवृत्तीपासूनच आहे आणि ‘ळ’लाही स्वतंत्र क्रमांक आहे. ‘ॲ’ या स्वराला तो २००८ साली मिळाला. त्यापूर्वी ‘अ’वर चंद्र जोडून हा स्वर लिहिला जाई. दोन्ही रूपे डोळ्यांना सारखीच दिसतात, परंतु फोनच्या लेखी ती वेगळी असल्याने एका रूपात जतन केलेले नाव दुसऱ्या रूपाने शोधल्यास सापडेलच असे नाही. तसेच ‘काळे’ या नावाने नोंदवलेला क्रमांक ‘काले’ असे लिहून शोधला, तर तो मिळण्याची खात्री नसते.

लघुसंदेशाचे गणितही समजून घेण्यासारखे आहे. एका संदेशात १४० बाइट माहिती मावते. इंग्रजी अक्षरांसाठी प्रत्येकी सात बिट पुरतात, म्हणून १६० अक्षरे बसतात. देवनागरीसाठी सामान्यतः प्रत्येकी सोळा बिट लागतात, म्हणून मर्यादा ७० वर येते. शिवाय काना, मात्रा आणि हलन्त स्वतंत्र मोजले जातात. ‘दऱ्या’ हा दोन अक्षरी शब्द पाच जागा घेतो. मराठी संदेशाचे दोन-तीन भाग पडतात, त्याचे कारण हेच.

भारतीय मानक ब्यूरोच्या २०१६ च्या आयएस १६३३३ (भाग ३) या मानकाने मोबाईलवर २२ अधिकृत भारतीय भाषांतील मजकूर वाचता येणे आवश्यक ठरवले. लिहिण्यासाठी मात्र इंग्रजी, हिंदी आणि आणखी किमान एक भारतीय भाषा पुरेशी मानली. ही तिसरी भाषा मराठीच असेल असे नाही. म्हणजे मराठी संदेश वाचता येणाऱ्या फोनवर मराठीत उत्तर लिहिण्याची सोय असेलच असे गृहीत धरता येत नाही. स्मार्टफोनवर मराठी कळफलक नंतर जोडता येतो. साध्या बटणांच्या फोनवर बहुधा जे मिळाले तेच कायम राहते. ज्येष्ठांच्या हाती बहुतेकदा हाच साधा फोन दिला जातो, हे लक्षात घेतले पाहिजे.

म्हणून पैसे देण्यापूर्वी पाच मिनिटे काढावीत. भाषांच्या यादीत ‘हिन्दी’खेरीज ‘मराठी’ स्वतंत्र आहे का, ते पाहावे. मग ‘काळ’, ‘वेळ’, ‘दऱ्या’, ‘ॲप’ आणि ‘ऑक्टोबर’ हे पाच शब्द लिहून दुसऱ्या फोनवर पाठवावेत आणि तेथे ते तसेच उमटतात का, याची खात्री करावी. बोलून लिहिण्याची सोय असल्यास तिची भाषा मराठी निवडून तेच शब्द उच्चारावेत. शेवटी अक्षरांचा आकार वाढवावा आणि ज्यांच्यासाठी फोन घ्यायचा आहे, त्यांनाच संदेश वाचायला व लिहायला सांगावे.

कॅमेऱ्याचे कौतुक काही दिवसांत ओसरते. औषधाची वेळ विचारणारा, प्रकृतीची खबर देणारा किंवा नातवंडांची खुशाली पुसणारा संदेश मात्र रोजचा असतो. तो आपल्या भाषेत लिहिता आला नाही, तर वडीलधारी माणसे हळूहळू लिहिणेच सोडून देतात आणि महागातला फोन केवळ घंटा वाजल्यावर उचलण्यापुरता उरतो.