फ्लॅशला यजमानाची बोली शिकवताना

धुळ्यातल्या एका नात्यातल्या लग्नाचा अल्बम माझ्या कपाटात तीसेक वर्षं पडून आहे. फोटो मीच काढले होते. अंतरपाट धरलेला, हातात अक्षता, नवरीचा चेहरा फ्लॅशमुळे पांढराफटक, किंचित निळसर. तिच्या मागे बसलेल्या मावश्या, आत्या, माम्या मात्र सगळ्या तांबूस-पिवळ्या. दोन वेगळ्या लग्नांतली माणसं कापून एका कागदावर चिकटवावीत तसा तो फोटो दिसतो. फोकस नेमका आहे, एक्स्पोजर बरोबर आहे, क्षणही चुकलेला नाही. चुकला तो फक्त प्रकाशाचा रंग. रोल धुऊन आला तेव्हा पिवळं कमी करून मागितलं, तर मागच्या माम्या सुधारल्या आणि नवरी आणखी निळी पडली. असं का होतं, हे समजायला मला पुढची दोन वर्षं लागली.

कारण साधं आहे. मांडवात हजार-हजार वॅटचे हॅलोजन लावलेले होते आणि हॅलोजनचा प्रकाश सुमारे 3200 केल्विनचा असतो. फ्लॅशचा असतो साधारण 5500, म्हणजे दुपारच्या उन्हासारखा. लोहाराच्या भट्टीतलं लोखंड तापताना आधी लाल दिसतं, मग पिवळं, मग पांढरं होत जातं. केल्विनचा आकडा त्याच चढणीवरची पायरी सांगतो. आकडा लहान तितका प्रकाश तांबूस, मोठा तितका निळसर. आपला डोळा हा फरक मुकाट्याने सांभाळून घेतो. फिल्म तो सांभाळत नसे, डिजिटल सेन्सरही सांभाळत नाही. कॅमेऱ्यातला व्हाइट बॅलन्स एका वेळी एकाच रंगाच्या प्रकाशाला पांढरं ठरवू शकतो. चौकटीत दोन रंगांचे प्रकाश असले की तो एकाची बाजू घेणारच.

म्हणून फ्लॅशपुढे रंगीत पारदर्शक कागद लावायचा, म्हणजे फ्लॅशने मांडवाच्या प्रकाशाचा रंग घ्यायचा. अहिराणी घरात पाहुणा गेला आणि तो दोन शब्द अहिराणीत बोलला की ओसरीवरची बैठक कशी सैल होते, तसाच हा प्रकार आहे. आमच्याकडे त्या कागदाला आजही जिलेटिन पेपरच म्हणतात. हे नाव नाटकाच्या दिव्यांकडून आलं. पूर्वी रंगमंचाच्या दिव्यांपुढचा हा कागद खरोखर जिलेटिनचा असे. आता तो पॉलिएस्टरचा किंवा पॉलिकार्बोनेटचा असतो. अमेरिकेतली रोस्को 1910 पासूनची, इंग्लंडमधली ली 1967 ची. आजही हीच दोन नावं जास्त ऐकू येतात.

स्टेशनरीच्या दुकानात मिळणारा भेटवस्तू गुंडाळण्याचा नारिंगी कागद मी सुरुवातीला वापरला आणि पस्तावलो. तो डोळ्यांना नारिंगी दिसतो, पण प्रकाशाचे कोणते पट्टे अडवायचे आणि किती, याचा त्यात काही हिशेब नसतो. शिवाय फ्लॅश चार-पाचदा सलग उडाला की तो काचेला चिकटतो. दुरुस्तीचा कागद मोजून बनवलेला असतो. नारिंगी दुरुस्तीला सीटीओ म्हणतात. तो पूर्ण, अर्धा, पाव आणि अष्टमांश अशा मात्रांत मिळतो.

यातली कोणती मात्रा घ्यायची, हे ठरवायला मायरेडचा हिशेब शिकून घ्यावा. दहा लाखांना केल्विनने भागायचं, बस्स. 5500 चे होतात 182 मायरेड, 3200 चे 312. फरक 130 चा. लीचा पूर्ण सीटीओ 159 मायरेड सरकवतो, अर्धा 109, पाव 64. म्हणजे हॅलोजनच्या मांडवात पूर्ण कागद थोडा जास्त पडतो आणि अर्धा थोडा कमी. मी अशा वेळी पूर्ण लावतो, कारण चेहरा मागच्या प्रकाशापेक्षा किंचित उबदार असलेला लग्नाच्या फोटोत खुपत नाही, निळसर असलेला मात्र फार खुपतो. कागद प्रकाशही खातो. पूर्ण सीटीओ पाऊण ते एक स्टॉप, अर्धा अर्धा स्टॉप, पाव साधारण तिसरा हिस्सा. बॅटरी कमी असेल तर हे आधीच लक्षात घ्यावं.

पण हे हॅलोजनचे धडे आता जुने होत चालले आहेत, आणि मला वाटतं आपल्या भागातल्या बऱ्याच तरुण फोटोग्राफरांची फसगत इथेच होते. 2015 मध्ये उजाला योजना सुरू झाली आणि एलईडी बल्ब घराघरांत पोचले. मांडवातही तेच. कुणीतरी शिकवलं म्हणून पूर्ण सीटीओ लावून ठेवला आणि हॉलमध्ये 6500 केल्विनचे पांढरे दिवे निघाले, तर नवरी एकटीच झेंडूसारखी दिसते. एक सोपी सवय लावून घ्यावी. एलईडी बल्बच्या खोक्यावर केल्विनचा आकडा छापलेला असतो. मांडववाल्या दादांना, हॉलच्या वायरमन काकांना आदल्या दिवशी विचारावं, ते आनंदाने सांगतात. 3000 लिहिलं असेल तर पूर्ण सीटीओ चपखल बसतो. 4000 असेल तर पाव. 6500 असेल तर नारिंगी मुळीच नको. तिथे उलट फ्लॅशच थोडा पिवळा ठरतो. काटेकोर माणूस त्याला पाव मात्रेचा निळा कागद लावेल, मी तो फरक सोडून देतो. जुन्या ट्यूबलाइटचं वेगळं आहे, ती हिरवट मारते. तिच्यासाठी फ्लॅशला हलका हिरवा, म्हणजे प्लस ग्रीन लावायचा आणि कॅमेऱ्याचा बॅलन्स फ्लुरोसंटवर ठेवायचा.

डीजेच्या रंग बदलणाऱ्या पार लाइटचा पाठलाग करू नये. क्षणात जांभळा, क्षणात हिरवा, त्याला कोणता कागद जुळणार? तो मागे तसाच राहू द्यावा आणि चेहऱ्यावर बिनकागदाचा स्वच्छ फ्लॅश द्यावा.

खरी कसोटी कापडी मांडवात लागते. दारापुढे पिवळं किंवा लाल-पांढरं कापड ताणलेलं, खाली हळद चाललेली, वर खानदेशी ऊन. ते ऊन कापडातून गाळून येतं तेव्हा त्याला केल्विनचा कुठलाच आकडा लागू पडत नाही. फ्लॅश वर कापडावर उडवला तर तो कापडाचा रंग घेऊनच खाली येतो. खाकी करड्या कापडाखाली मी हळदीचा पिवळा पार मेलेला पाहिला आहे. इथे करडं कार्ड धरून व्हाइट बॅलन्स घ्यावा, आणि फ्लॅश पाव सीटीओ लावून बाजूने, छत्रीतून द्यावा. आजोबांच्या टोपीवर किंवा नीळ घातलेल्या धोतरावर बॅलन्स घेण्याचा मोह होतो, पण ते पांढरं दिसतं तितकं पांढरं नसतं. नीळ कॅमेऱ्याला फसवते.

चाळीसगावला छायाचित्रकार केकी मूस यांच्या घरी, म्हणजे रेम्ब्राँ रिट्रीटमध्ये गेलं की मला वेगळीच गोष्ट जाणवते. 1989 च्या 31 डिसेंबरला गेलेल्या या माणसाने आयुष्यातली कितीतरी दशकं त्या घराबाहेर न पडता काढली आणि टेबलावर साध्यासुध्या वस्तू मांडून निसर्गदृश्यं उभी केली. काळ्या-पांढऱ्या चित्रात प्रकाशाच्या रंगाची चिंता नसते, राहते ती फक्त दिशा, मऊपणा आणि सावलीची खोली. रंग जुळवायच्या नादात आपण नेमक्या याच तीन गोष्टी विसरतो. कागद बरोबर आणि फ्लॅश कॅमेऱ्याच्या डोक्यावरून सरळ तोंडावर, असे फोटो मी ढिगाने पाहिले आहेत. रंग जुळला तरी चेहरा सपाटच.

जळगावच्या सराफ बाजारात दागिन्यांचे फोटो काढणाऱ्या मित्राचा अनुभव उलटा आहे. काचेच्या कपाटात 3000 केल्विनचे दिवे असतात, म्हणून सोनं गिऱ्हाइकाला जास्त पिवळं दिसतं. फोटोतही तसंच हवं, असा आग्रह होतो. मित्र फ्लॅशला पूर्ण सीटीओ लावतो, पण बॅलन्स 3000 ऐवजी 3800 च्या आसपास ठेवतो. दोन्ही प्रकाश एकरंगी होतात आणि सोन्याची ऊबही टिकते. ही जाणूनबुजून ठेवलेली ऊब आहे. हिशेब कळल्यावर तो इतका मोडायला माझी हरकत नाही, फक्त दागिना प्रत्यक्षात आहे त्याहून वेगळा दिसता कामा नये.

हिवाळ्यात शेतात भरीत होतं तेव्हा मीही तसंच करतो. कपाशीच्या काड्यांच्या जाळावर वांगी भाजली जातात, त्या जाळाचा प्रकाश 2000 केल्विनच्या आसपास. पूर्ण आणि अर्धा एकावर एक लावले तर फ्लॅश 2200 पर्यंत उतरतो, पण मग थंडी कुठे दिसत नाही. एकच पूर्ण लावतो, बॅलन्स 3800 ला, म्हणजे आकाश निळं राहतं आणि जाळाभोवतीच्या माणसांच्या गालांवर ती लाली येते.

सगळ्यात कठीण मला आमच्या खानदेशातल्या कानबाई देवीची रात्र वाटते. नागपंचमीनंतरच्या रविवारी घरात कानबाई बसते, समया तेवत असतात, बायकांची गाणी रात्रभर चालतात. यंदा आतेबहिणीकडे वर 6500 चा पांढरा बल्ब होता. ताईला विचारून तो मी मालवला. फ्लॅश मागच्या भिंतीकडे वळवला, शक्ती सोळाव्या हिश्श्यावर आणली, त्यावर पूर्ण आणि पाव असे दोन कागद लावले. कागद काचेला टेकणार नाहीत अशी फट ठेवली, नाहीतर ते वितळतात. आयएसओ 3200, शटर सेकंदाचा तिसावा हिस्सा, म्हणजे समईची ज्योतही फोटोत नोंदली जाईल. आत्याबाई रोटाचं ताट पुढे करत होत्या. फोटो त्यांना कॅमेऱ्याच्या पडद्यावर दाखवला, तर त्या बराच वेळ बघत राहिल्या आणि म्हणाल्या, फ्लॅश मारला नाही का रे तू?