फोन फुटला? नंबर बहुधा शाबूत आहेत!

बजाजनगरकरांनो, वाळूज एमआयडीसीत ड्युटीला जाता-येता फोन पडून बंद झाला, तरी घाबरू नका.

१. सिम दुसऱ्या फोनमध्ये टाका. ओटीपी त्यावरच येईल. सिमवर सेव्ह केलेले नंबरही मिळतील.
२. गूगल कॉन्टॅक्ट्समध्ये जुन्या जीमेलने लॉगिन करा. सिंक चालू असेल तर गूगल खात्यात सेव्ह झालेले नंबर तिथे दिसतील. डिलीट केलेले ३० दिवस ट्रॅशमध्ये राहतात. आयफोनवाल्यांनी आयक्लाउड पाहावं.
३. डिस्प्ले दिसतो पण टच चालत नाही? ओटीजी लावून माउस जोडा.
४. स्क्रीनच गेली असेल तर डिस्प्ले बदला. नंबर मदरबोर्डवरच्या मेमरीत असतात. फॅक्टरी रीसेट मात्र करू देऊ नका.

आजच कॉन्टॅक्ट सिंक चालू करा, गावाकडच्या आई-वडिलांच्या फोनमध्येही!