ताग्यावरची चिठ्ठी नको, आपली मीटरपट्टी लावा
मोबाइल डेटा की दुकानातले वायफाय? एक तजुर्बा

व्यापारी बांधवांनो, पूर्वी दुकानाची जागा घेताना आपण रस्ता, वर्दळ आणि शेजार बघत होतो. आता आणखी एक गोष्ट बघावी लागते. गल्ल्यावर बसले की मोबाइलला रेंज येते का?

रविवार पेठेतले आमचे दुकान जुन्या, जाड भिंतींच्या इमारतीत आहे. ईदच्या आधीच्या आठवड्यात रात्री नऊच्या सुमारास एक बाई मुलांच्या कपड्यांसाठी कापड घेऊन गल्ल्याशी आल्या. त्यांनी फोनवरून पैसे पाठवले, पण आमच्या फोनवर निरोप येईना. मागे रांग वाढत होती. ‘पैसे आले नाहीत’ असे आम्ही दोनदा सांगितले. बाई काही न बोलता पिशवी ठेवून निघून गेल्या. दुकान वाढवून बाहेर रस्त्यावर आलो तेव्हा फोन वाजला. पैसे केव्हाच जमा झाले होते. दुसऱ्या दिवशी रक्कम परत पाठवली, पण बाई पुन्हा आल्या नाहीत. खोटे त्या बोलल्या नव्हत्या, आमची रेंज गेली होती. इमानदार गिऱ्हाइकाला आम्ही चारचौघांत खोटे ठरवले, याचे दुःख आजही आहे.

त्यानंतर आम्ही हा विषय नीट समजून घेतला.

आकडा कशाचा?

जाहिरातीत १०० एमबीपीएस असे लिहिलेले असते. हा हिशेब मेगाबिटचा आहे. फोटो किंवा फाइल आपण मेगाबाइटमध्ये मोजतो आणि ८ बिट मिळून १ बाइट होतो. म्हणजे १०० चा वेग पुरेपूर मिळाला तरी सेकंदाला साडेबारा मेगाबाइटच उतरणार. गज आणि मीटर यांत गल्लत केली तर कापडात जशी खोट येते, तशीच इथे येते.

दुसरी गोष्ट, माल उतरवण्याचा वेग वेगळा आणि चढवण्याचा वेगळा. सुरतहून आलेले डिझाइनचे फोटो बघणे म्हणजे उतरवणे. आपल्या मालाचा व्हिडिओ गिऱ्हाइकाला पाठवणे म्हणजे चढवणे. मोबाइलवर चढवण्याचा वेग सहसा बराच कमी असतो. फायबरच्या तारेवर बहुधा दोन्हीकडे सारखा मिळतो.

वेग कुठे अडतो?

टॉवरचा वेग आसपासच्या सगळ्या फोनांत वाटला जातो. दुपारी बाजार मोकळा असतो, तेव्हा फोन पळतो. संध्याकाळी बोहरी आळीपासून लक्ष्मी रस्त्यापर्यंत पाय ठेवायला जागा नसते, तेव्हा तोच फोन रखडतो. ५जी सेवा देशात १ ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झाली आणि पहिल्या टप्प्याच्या १३ शहरांत पुण्याचे नाव होते. तिचा वेग मोठा आहे यात शंका नाही, पण तिच्या जास्त वारंवारतेच्या लहरी जाड भिंतीतून आत शिरताना कमजोर होतात. म्हणून रस्त्यावर ५जी आणि गल्ल्यावर काहीच नाही, असा प्रकार होतो.

वायफायचीही खोड आहे. तार डब्यापर्यंत येते, डब्यापासून फोनपर्यंत पुन्हा हवाच. बहुतेक डब्यांत दोन पट्टे असतात. २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा भिंतीपलीकडे जातो, पण हळू असतो आणि शेजाऱ्यांच्या डब्यांचीही त्यात गर्दी असते. ५ गिगाहर्ट्झचा वेगवान, पण भिंतीला हरतो. (हे ५ आणि मोबाइलचे ५जी एक नव्हे.) डबा कोपऱ्यातल्या लोखंडी कपाटामागे ठेवला तर कंपनीला दोष देऊ नये. शिवाय वीज गेली की डबा बंद. रस्ता खोदला आणि तार तुटली तरी बंद. त्या वेळी मोबाइलच कामाला येतो.

मोजायचे कसे?

वेग मोजण्याची अ‍ॅप मोफत मिळतात. ट्राय या सरकारी नियामक संस्थेचे मायस्पीड नावाचे अ‍ॅपही आहे. सकाळी अकरा, संध्याकाळी सहा आणि रात्री नऊ अशा तीन वेळा मोजावे. गल्ल्यावर, माळ्यावर आणि दुकानाच्या मागच्या टोकाला मोजावे. आधी वायफाय बंद करून मोबाइलचा वेग घ्यावा, मग वायफाय लावून. ५जीवर एका चाचणीतच बराच डेटा जातो, हेही ध्यानात ठेवावे. आमच्या गल्ल्यावर रात्री नऊला मोबाइलचा वेग दुपारच्या चौथाईही भरला नाही. वायफायचा आकडा दुपारी मोबाइलपेक्षा कमी होता, पण रात्रीही तेवढाच राहिला.

मग घ्यायचे काय?

यूपीआयला वेग फार लागत नाही, लागते ती न तुटणारी रेंज. एकट्या कारागिराला, ज्याच्या कामाच्या जागी रेंज पक्की आहे, त्याला मोबाइल डेटा पुरतो. वायफायचा वेगळा खर्च त्याने करू नये. ज्यांच्या दुकानात तीन-चार माणसे फोन वापरतात, कॅमेरे आहेत, जीएसटीचे काम आणि परराज्यातल्या मालाची ई-वे बिले रोज होतात, त्यांनी तार घ्यावी. मात्र मोबाइलचे सिम दुसऱ्या कंपनीचे ठेवावे, म्हणजे एक बंद पडले तर दुसरे चालेल. डब्याला छोटी बॅटरी जोडावी.

आणखी एक. गिऱ्हाइकाच्या खात्यातून पैसे गेले आणि दुकानात पोचलेच नाहीत, तर रिझर्व्ह बँकेच्या २०१९ च्या परिपत्रकाप्रमाणे यूपीआयच्या दुकान-व्यवहारात ५ दिवसांत रक्कम आपोआप परत जायला हवी. हे गिऱ्हाइकाला शांतपणे समजावून सांगावे.

बांधवांनो, ताग्यावर चिठ्ठी काहीही असो, आपण कापड स्वतः मोजून घेतो. इंटरनेटही तसेच घ्या. आमच्याकडे आता तार आहे, सिमही आहे. तरीही निरोप यायला उशीर झाला तर आम्ही गिऱ्हाइकाला आधी बसायला सांगतो, पाणी देतो आणि फोन घेऊन स्वतः रस्त्यावर जाऊन बघतो.