दांपत्य व कुटुंबोपचारकांचे प्रशिक्षण

पतिपत्नींमधील किंवा एकूण कुटुंबातील परस्परसंबंधांवर मानसशास्त्रीय उपचार करणाऱ्या व्यक्तींना त्या कामासाठी दिले जाणारे पद्धतशीर शिक्षण व व्यवसायात शिरल्यानंतरही चालू राहणारे त्यांचे अध्ययन, यांचा अंतर्भाव या संकल्पनेत होतो. घरोघरच्या आजारांवर औषध देणाऱ्या ‘फॅमिली डॉक्टर’शी या व्यवसायाचा संबंध नाही. कुटुंबोपचारात रुग्ण म्हणून एकट्या व्यक्तीचा विचार केला जात नाही. व्यक्तिव्यक्तींमधील नाते, संवादाच्या त्यांच्या सवयी, घरातील सत्तेची वाटणी व दोन पिढ्यांमधील सीमारेषा हा उपचाराचा विषय असतो. म्हणूनच एकेका रुग्णाशी बोलण्यात निष्णात असलेला मनोविकारतज्ज्ञ किंवा मानसशास्त्रज्ञ दांपत्यापुढे बसला, की त्याचे नेहमीचे कौशल्य अपुरे पडते. कित्येकदा ते आडही येते. समोरच्याचे म्हणणे सहानुभूतीने व निमूटपणे ऐकून घेणे हा वैयक्तिक मानसोपचाराचा पाया होय. परंतु शेजारी बसलेल्या जोडीदाराला तोच पक्षपात वाटतो. दोघांत कडाक्याचे भांडण सुरू झाले असता उपचारक गप्प राहिला, तर त्याचे मौन हाही एक कौल ठरतो. वेगळे प्रशिक्षण न घेता दांपत्योपचार करणारे तज्ज्ञ विवाहसंबंधांना अपाय करू शकतात, असे अमेरिकन कुटुंबोपचारज्ञ विल्यम डोहर्टी यांनी आग्रहाने प्रतिपादिले आहे.

इतिहास : अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत १९३० च्या सुमारास विवाह-समुपदेशनाची केंद्रे निघू लागली. लॉस अँजेल्स येथे पॉल पोपनो यांनी १९३० मध्ये, तर फिलाडेल्फिया येथे एमिली मड यांनी १९३२ मध्ये अशी केंद्रे चालविली. त्या काळी हे काम वैद्य, धर्मोपदेशक, समाजकार्यकर्ते इ. लोक आपला मूळ व्यवसाय सांभाळून करीत. त्यासाठी काही खास शिकावे लागते, ही जाणीव हळूहळू होत गेली. १९४२ मध्ये विवाह-समुपदेशकांची राष्ट्रीय संघटना स्थापन झाली. १९७८ पासून ती ‘अमेरिकन असोसिएशन फॉर मॅरेज अँड फॅमिली थेरपी’ या नावाने ओळखली जाते. ब्रिटनमध्ये टॅव्हिस्टॉक संस्थेच्या परिसरात १९४८ मध्ये दांपत्यसमस्यांसाठी वेगळा गट निर्माण झाला.

कुटुंबोपचाराचा प्रवाह याहून निराळा असून तो मनोरुग्णालयांतून निघाला. मरी बोएन (१९१३–९०) यांनी १९५४ पासून अमेरिकेच्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेत छिन्नमानसी रुग्णांसमवेत त्यांच्या कुटुंबीयांनाही कक्षात राहावयास आणून त्यांचे निरीक्षण केले. कॅलिफोर्नियात ग्रेगरी बेटसन व त्यांचे सहकारी रुग्ण आणि त्याची माणसे यांच्या संभाषणाचे विश्लेषण करीत होते. त्यांच्यापैकी डॉन जॅक्सन यांनी पॅलो अल्टो येथे ‘मेंटल रिसर्च इन्स्टिट्यूट’ काढली. तेथे व्हर्जिनिया सटीर (१९१६–८८) यांनी १९५९ मध्ये सुरू केलेला वर्ग हा कुटुंबोपचाराच्या पहिल्या औपचारिक अभ्यासक्रमांपैकी एक मानला जातो. नेथन ॲकर्मन (१९०८–७१) यांनी १९६० मध्ये न्यूयॉर्क येथे संस्था स्थापिली व १९६२ पासून जॅक्सन यांच्यासह ‘फॅमिली प्रोसेस’ हे नियतकालिक सुरू केले. विद्यापीठांनी या विषयाला जागा देण्यापूर्वी बराच काळ अशा स्वतंत्र संस्थाच त्याच्या खऱ्या शाळा होत्या.

प्रशिक्षणाच्या पद्धती : मनोविश्लेषणाच्या परंपरेत उपचाराची खोली ही अत्यंत खाजगी जागा असे. शिकाऊ उपचारक सत्र आटोपल्यावर आठवणीने टिपणे करी व आठवड्याने ती आपल्या मार्गदर्शकास वाचून दाखवी. यात मोठी उणीव होती. जे उपचारकाच्या लक्षातच आले नाही, ते टिपणात येणे शक्य नव्हते. आणि नवशिक्याच्या चुका बहुधा नेमक्या तेथेच असतात. कुटुंबोपचारकांनी ही परंपरा मोडली व आपले काम इतरांच्या नजरेखाली आणले. या क्षेत्राने एकूण मानसोपचाराच्या शिक्षणास दिलेली ही बहुधा सर्वांत मोलाची देणगी होय. त्यासाठी एका बाजूने आरपार दिसणारा आरसा बसविलेल्या दोन खोल्या वापरल्या जातात. एका खोलीत उपचारक व कुटुंब बसते. दुसऱ्या अंधाऱ्या खोलीतून पर्यवेक्षक व सहाध्यायी पाहतात व ध्वनिवर्धकावरून ऐकतात. कुटुंबाला याची पूर्वकल्पना देऊन त्याची संमती घ्यावी लागते.

साल्व्हादोर मिनूचिन (१९२१–२०१७) यांनी १९६५ पासून ‘फिलाडेल्फिया चाइल्ड गायडन्स क्लिनिक’ येथे या पद्धतीला ‘प्रत्यक्ष पर्यवेक्षणा’चे रूप दिले. जे हेली व ब्रॉलियो मॉन्ताल्व्हो हे त्यांचे सहकारी होते. सत्र चालू असताना पर्यवेक्षक उपचारकास दूरध्वनी करी, बाहेर बोलावून घेई किंवा स्वतः आत जाई. सूचना अगदी थोडक्यात द्यावयाची असे. उदा., ‘मुलाला आईवडिलांच्या मधून उठवून दुसरीकडे बसव’ एवढीच. खुर्च्यांची जागा बदलली, की बोलण्याची दिशा बदलते, हे शिष्याला तेथल्या तेथे दिसून येई. या पद्धतीत शिष्य पर्यवेक्षकाच्या हातचे बाहुले होण्याचा धोका आहे व त्यावर टीकाही झाली. तथापि कुटुंबावर चुकीच्या उपचाराचा परिणाम होण्यापूर्वी तो सावरता येतो, हा तिचा गुण टीकाकारांनाही नाकारता आला नाही. याच केंद्रात फिलाडेल्फियातील गरीब वस्त्यांमधील, विद्यापीठीय पदवी नसलेल्या काही स्त्रीपुरुषांना कुटुंबोपचाराचे शिक्षण देण्यात आले. ज्या समाजात काम करावयाचे, त्या समाजाची भाषा व रीत त्यांना अवगत होती. उपचाराचे तंत्र मात्र प्रत्यक्ष पर्यवेक्षणातून शिकवावे लागले. प्रशिक्षित मनुष्यबळाची वाण असलेल्या देशांनी या प्रयोगाकडे जेवढे लक्ष द्यावयास हवे होते, तेवढे दिलेले दिसत नाही.

इटलीतील मिलान येथे मारा सेल्व्हिनी पालात्सोली यांच्या गटाने आरशामागील मंडळींना उपचाराचेच अंग बनविले. सत्रापूर्वी चर्चा, प्रत्यक्ष सत्र, मध्ये विराम घेऊन गटाचा विचारविनिमय, कुटुंबाला निष्कर्ष सांगणे व शेवटी पुन्हा चर्चा, असे पाच टप्पे त्यात असत. नॉर्वेतील टॉम अँडर्सन यांनी १९८५ मध्ये याच मांडणीला उलट दिशा दिली : मागच्या खोलीतील दिवे लावून तेथील तज्ज्ञांची चर्चा कुटुंबालाच ऐकू दिली. कुटुंबाच्या कानावर पडणार म्हटल्यावर तज्ज्ञांची भाषा आपोआपच सौम्य व जबाबदार झाली. शिकाऊ व्यक्तींच्या दृष्टीने हा धडा लहान नव्हता. पुढे दृश्यफितींमुळे आरशाची अपरिहार्यता कमी झाली. अलीकडे आंतरजालाद्वारे दूरस्थ पर्यवेक्षणही होते. त्यात कुटुंबाची गुप्तता राखण्याचे प्रश्न अधिक बिकट असतात.

स्वतःच्या कुटुंबाचा अभ्यास : बोएन यांची वाट वेगळी होती. १९६७ मध्ये एका परिषदेत त्यांनी सैद्धांतिक निबंधाऐवजी आपल्याच माहेरच्या माणसांशी, म्हणजे आईवडील व भावंडांशी, असलेले गुंतलेले संबंध निराळ्या रीतीने हाताळण्याचा आपला प्रयत्न निवेदन केला. तो वृत्तांत १९७२ मध्ये लेखकाचे नाव न देता प्रसिद्ध झाला. त्यांच्या शिष्यांपैकी ज्यांनी स्वतःच्या कुटुंबावर असे काम केले, त्यांचे रुग्णांबरोबरचे कामही सुधारलेले बोएन यांना आढळले. तेव्हापासून ‘कुटुंबालेख’ काढणे हा अनेक अभ्यासक्रमांचा भाग झाला आहे. यात किमान तीन पिढ्यांतील व्यक्ती चौकोन व वर्तुळांनी दाखवून त्यांच्यातील जवळीक, बेबनाव, अबोला, मृत्यू, आजार, स्थलांतर वगैरे विशिष्ट रेषांनी नोंदवितात. आपल्याकडील वंशावळीशी त्याचे वरवर साम्य आहे. पण वंशावळीत बहुधा पुरुषांचीच नावे असतात आणि भांडणे तर नसतातच. ज्या उपचारकाच्या घरी थोरल्या भावापुढे कोणी बोलत नसे, तो दुसऱ्याच्या घरातील थोरल्या भावापुढेही नकळत नमते घेतो. हे त्याला पुस्तकातून कळत नाही, आपला आलेख समोर मांडल्यावर कळते.

पात्रता व निरंतर शिक्षण : अमेरिकेत हा स्वतंत्र परवानाधारक व्यवसाय आहे. कॅलिफोर्नियाने १९६३ मध्ये परवान्याचा कायदा केला; २००९ मध्ये माँटॅनाने तो केल्यावर पन्नासही राज्ये त्यात आली. पदव्युत्तर पदवीखेरीज कॅलिफोर्नियात ३,००० तासांचा पर्यवेक्षित अनुभव आवश्यक असतो, तसेच दर दोन वर्षांनी परवान्याच्या नूतनीकरणासाठी ३६ तासांचे निरंतर शिक्षण घ्यावे लागते. पर्यवेक्षक होण्यासाठीही वेगळे शिक्षण असते, कारण चांगला उपचारक चांगला गुरू असेलच असे नाही. ब्रिटनमध्ये प्राथमिक, मध्यम व अर्हता देणारा असे टप्पे ओलांडण्यास साधारणतः चार वर्षे लागतात.

व्यवसायात असलेल्यांसाठी विशिष्ट उपचारपद्धतींचे अल्पकालीन वर्ग असतात. सू जॉन्सन व लेस्ली ग्रीनबर्ग यांनी १९८० नंतरच्या दशकात मांडलेल्या भावनाकेंद्री दांपत्योपचाराचा प्रारंभिक वर्ग चार दिवसांचा असून त्यानंतर कौशल्यवर्ग व पर्यवेक्षण हे टप्पे येतात. जॉन गॉटमन यांच्या पद्धतीचे शिक्षण तीन पातळ्यांत विभागलेले आहे. अशा वर्गांची प्रमाणपत्रे भिंतीवर शोभतात. परंतु केवळ वर्गाला बसल्याने कौशल्य टिकते असे नाही. व्यसनमुक्तीच्या क्षेत्रात विल्यम मिलर व सहकाऱ्यांनी २००४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या नियंत्रित प्रयोगात कार्यशाळेनंतर प्रत्यक्ष कामावरील अभिप्राय व मार्गदर्शन मिळालेल्यांचेच कौशल्य अधिक टिकलेले आढळले. प्रयोग वैयक्तिक समुपदेशनाचा असला, तरी त्याचा बोध येथेही लागू पडतो. वर्ग निवडताना त्यानंतर पर्यवेक्षण आहे काय, एवढा एकच प्रश्न विचारला तरी पुष्कळ निवड होते.

भारत : रुग्णाच्या नातेवाइकांना उपचारात सामील करून घेण्याची प्रथा भारतात लवकर सुरू झाली. अमृतसरच्या मनोरुग्णालयात विद्यासागर यांनी १९५० नंतरच्या दशकात रुग्णालयाच्या आवारात तंबू ठोकून कुटुंबांना रुग्णासमवेत ठेवले व त्यांना सामूहिक मार्गदर्शन केले. वेल्लोरच्या ख्रिस्ती वैद्यकीय महाविद्यालयाच्या केंद्रानेही कुटुंबीयांच्या निवासाची पद्धत अंगीकारली. बंगलोरच्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य व चेताविज्ञान संस्थेत (निम्हान्स) १९७० नंतरच्या दशकात कुटुंब-मनोविकार केंद्र उभे राहिले. मनोविकारशास्त्र, चिकित्सालयीन मानसशास्त्र व मनोविकारविषयक समाजकार्य या शाखांच्या विद्यार्थ्यांना तेथे कुटुंबोपचाराचा अनुभव मिळतो. या शाखांतील एम.फिल. हा भारतातील दीर्घ पर्यवेक्षित शिक्षणाचा मुख्य मार्ग होता. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२२ मध्ये एम.फिल. पदवी बंद केल्यामुळे तो अडचणीत आला व या विषयांपुरती मुदतवाढ द्यावी लागली.

मुंबईत पुढे ‘टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेस’ या नावाने प्रसिद्ध झालेली समाजकार्याची शाळा १९३६ मध्ये सुरू झाली व १९३७ मध्ये तिने देशातील पहिले बालमार्गदर्शन केंद्र काढले. मुलाच्या तक्रारीमागे घरातील ताण कसा असतो, हे तेथील विद्यार्थ्यांना पहिल्यापासून पाहावे लागे. १९६३ मध्ये स्थापन झालेल्या पुण्याच्या कर्वे समाजसेवा संस्थेतूनही समाजकार्यकर्त्यांच्या अनेक पिढ्या शिकून बाहेर पडल्या. कुटुंब न्यायालय अधिनियम, १९८४ अन्वये न्यायालयास समुपदेशक जोडून देण्यात आले व १९८९ मध्ये मुंबई व पुणे येथे अशी न्यायालये सुरू झाली. घटस्फोटाच्या उंबरठ्यावर असलेली दांपत्ये मोठ्या संख्येने भेटतात ती याच समुपदेशकांना. त्यांच्यापैकी बहुतेकांचे शिक्षण समाजकार्य वा मानसशास्त्र या विषयांतील असते. आरशामागील पर्यवेक्षणाचा लाभ त्यांतील फारच थोड्यांना मिळतो. सर्वांत अवघड काम सर्वांत कमी आधारावर करावे लागण्याचा हा प्रकार आहे.

परदेशी पाठ्यक्रम जसाच्या तसा उचलता येत नाही, याची दोन कारणे विशेष महत्त्वाची आहेत. पहिले कुटुंबाच्या रचनेचे. पाश्चात्त्य प्रतिमानांत पतिपत्नी हे घराचे केंद्र धरलेले असते. सासू-सून, दीर-भावजय, मामा-भाचा या नात्यांचा भार तेथे जाणवत नाही. प्रौढ मुलगा आईच्या सल्ल्याने संसार करतो, एवढ्यावरून त्याला अपरिपक्व ठरविणारा उपचारक मराठी घरात फार काळ टिकणार नाही. इरावती कर्वे यांच्या भारतीय आप्तसंबंधांवरील ग्रंथासारखे (१९५३) साहित्य अशा प्रशिक्षणार्थींच्या हाती असणे म्हणूनच इष्ट आहे. दुसरे कारण हिंसेचे. मिलान गटाने तटस्थता व वर्तुळाकार कार्यकारणभाव ही उपचारकाची मुख्य शिस्त मानली : कोणीही एकटा दोषी नसून प्रत्येकाचे वागणे दुसऱ्याच्या वागण्याला प्रतिसाद असते. मारहाण होत असलेल्या घरात ही दृष्टी धोकादायक ठरते व स्त्रीवादी कुटुंबोपचारकांनी तिच्यावर कठोर टीका केली. भारतात कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण अधिनियम, २००५ व त्याखालील २००६ चे नियम यांनी हा प्रश्न समुपदेशकाच्या मर्जीवर सोडलेला नाही. न्यायालयाच्या आदेशाने होणाऱ्या समुपदेशनात हिंसा पुन्हा न करण्याची हमी प्रतिवादीस द्यावी लागते आणि हिंसेचे प्रतिसमर्थन करण्यास त्यास मुभा नसते. म्हणून पतिपत्नींना एकत्र बसविण्यापूर्वी प्रत्येकास एकेकटे भेटून भीती, मारहाण व धमकी यांविषयी विचारणे, हे प्रशिक्षणात आरंभीच शिकवावे लागते. एकत्र सत्रात खरे बोलल्याची किंमत पत्नीला घरी गेल्यावर मोजावी लागू शकते.

भारतात कुटुंबोपचारकासाठी स्वतंत्र परवाना नाही. भारतीय पुनर्वास परिषद चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञांची नोंदणी करते. २०२१ च्या राष्ट्रीय सहयोगी व आरोग्यसेवा व्यवसाय आयोग अधिनियमाच्या अनुसूचीत मानसशास्त्रज्ञ, मनोविकारविषयक समाजकार्यकर्ते, एवढेच नव्हे तर कुटुंबनियोजन समुपदेशकही आहेत; दांपत्य वा कुटुंबोपचारक या नावाचा वर्ग मात्र तीत नाही.