‘दोन तासांवर’ : अंतर, काळ आणि एक शब्दयोगी अव्यय

पुण्याहून नागपूर किती दूर, या प्रश्नास एकच उत्तर नाही. नकाशावर सरळ रेषेने मोजल्यास हे अंतर सुमारे ६२० किलोमीटर भरते. लोहमार्ग मात्र दौंड, मनमाड, भुसावळ असा वळसा घेत जात असल्याने ८०० किलोमीटरांहून अधिक होतो. विमानाने जाणारा मनुष्य किलोमीटरांचा विचारच करीत नाही. तो ‘दीड तास’ एवढेच सांगतो.

हा दीड तासही अंतराच्या प्रमाणात नसतो. उत्तर ध्रुववृत्तापलीकडील ट्रॉम्सो आणि स्वालबार्ड द्वीपसमूहातील लाँगइयरब्येन या दोन नॉर्वेजियन गावांमधील हवाई अंतर सुमारे ९६० किलोमीटर, म्हणजे पुणे-नागपूरच्या दीडपट आहे. विमानास वेळ मात्र पावणेदोन तासांच्या आसपासच लागतो. धावपट्टीपर्यंत जाणे, आकाशात चढणे, उतरणे यांत जाणारा वेळ प्रवास लहान असो वा मोठा, फारसा बदलत नाही. वाढतो तो मधला, पूर्ण वेगाचा भाग. शिवाय या दोन गावांमध्ये समुद्र आहे. रस्त्याने किती, हा प्रश्नच तेथे उद्भवत नाही.

अंतर काळाने मोजण्याची ही रीत विमानाने आणली, असे मानण्याचे मात्र कारण नाही. संस्कृत ‘योजन’ हा शब्द ‘युज्’ धातूपासून आला असून, एकदा जुंपलेली जनावरे न सोडता जेवढी वाट चालता येते तेवढी, असा त्याचा मूळ अर्थ सांगतात. ‘कोस’ हा ‘क्रोश’पासून आला, क्रोश म्हणजे हाक. (‘हाकेच्या अंतरावर’ हा आपला वाक्प्रचार त्याच कल्पनेचा नवा अवतार म्हणावयास हरकत नाही.) ‘मजल’ अरबीतून फारसीमार्गे आली, मुक्कामास उतरण्याची जागा हा तिचा मूळ अर्थ. तिघांपैकी एकही शब्द मुळात भूमितीचा नव्हे.

व्याकरणाची साक्षही हीच आहे. ‘गाव दोन कोसांवर आहे’, ‘गाव दोन तासांवर आहे’ आणि ‘परीक्षा दोन दिवसांवर आली’ या तिन्ही वाक्यांत ‘वर’ हे एकच शब्दयोगी अव्यय काम करते. पहिल्यात स्थळ, तिसऱ्यात काळ. दुसरे वाक्य दोहोंच्या सीमेवर उभे आहे, आणि मला तेच सर्वांत महत्त्वाचे वाटते. चालणारा ‘गाव कोसावर आले’ असे म्हणतो, तेव्हा जवळ जातो तो स्वतः. परीक्षा मात्र आपल्याकडे येते. क्रियापद दोन्हीकडे ‘येणे’ हेच.

म्हणूनच जुन्या पत्रव्यवहारातील ‘मजल’ किलोमीटरांत उतरविण्याची संशोधक विद्यार्थ्यांची घाई मला मान्य नाही. घाटातील मजल आखूड, देशावरील लांब; पावसाळ्यात ती आणखी आखडते. ‘तीन मजलांवर’ या शब्दांतून लिहिणाऱ्याने दिवस सांगितलेले असतात. त्यांची किलोमीटरांची संख्या केली की वाट, ऋतू आणि सैन्याची चाल ही तिन्ही त्या वाक्यातून नाहीशी होतात.