कागद नसलेली गाडी

कारखान्यातून निघालेल्या मोटारीला जन्मदाखला असतो. चासीवर एक नंबर ठोकलेला असतो, इंजिनावर दुसरा. आरटीओच्या रजिस्टरात त्यांची नोंद होते आणि मालक बदलला की आरसी बुकात नवं नाव चढतं. घरी बांधलेल्या शर्यतीच्या गाडीला यातलं काहीच नसतं. ती रस्त्यावर धावायची नसते, म्हणून तिचं पासिंग होत नाही. ट्रकात घालून शर्यतीला न्यायची आणि ट्रकातूनच परत आणायची. बांधणारा माणूस आणि चालवणारा माणूस गेला की तिची ओळखही जाते.

चिपळुणात एका बंद पडलेल्या लाकडाच्या वखारीत अशी एक गाडी आहे. एकाच माणसाची जागा, उघडी चाकं, लांब नाक, अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा. घरच्यांना एवढंच माहीत होतं, की आजोबांनी ती मुंबईच्या कुणाकडून तरी उधारीच्या बदल्यात घेतली. भंगारवाला किलोवर भाव सांगून गेला होता. विकण्याआधी ही गाडी आहे तरी काय, हे समजून घ्यावं असं घरातल्या सुनेला वाटलं आणि तिनं मला बोलावलं. खेर्डीतले एक जुने मेस्त्री माझ्याबरोबर आले. त्यांनी फियाट आणि हेराल्ड या दोन्ही गाड्या आयुष्यभर खोलल्या आहेत.

गाडी धुवायची नाही, हे मेस्त्रींनी पहिल्यांदा सांगितलं. वखारीत २००५ च्या जुलैमध्ये पाणी शिरलं होतं आणि २२ जुलै २०२१ ला त्याहून वर चढलं होतं. सीटखाली, चासीच्या पाइपांत, पॅनेलच्या घड्यांत वाशिष्ठी नदीचा गाळ वाळून दगडासारखा झाला होता. पाण्याचा फवारा मारला असता तर गाळाबरोबर रंगाचे पापुद्रे, खडूच्या खुणा आणि सैल झालेले वॉशरही निघून गेले असते. त्यामुळे आधी सगळ्या बाजूंनी, शेजारी मोजपट्टी धरून फोटो काढले. मग बांबूच्या कामट्यांनी आणि रंगाच्या ब्रशनं गाळ काढला. निघालेली प्रत्येक वस्तू पिशवीत गेली आणि ती कुठून निघाली ते पिशवीवर लिहिलं. पुढं जे कळलं, त्याचा पाया हे कंटाळवाणं काम होतं.

मग पाने बाहेर निघाले. जुन्या गाडीत कुठला भाग कुठून आला हे नटबोल्ट सांगतात. फियाट इटालियन, तिचे आटे मिलिमीटरचे. स्टँडर्ड हेराल्ड मूळची ब्रिटिश ट्रायम्फ, तिला इंची पाने लागतात. मेस्त्रींनी दोन्ही संच जमिनीवर मांडले आणि नाकापासून शेपटीपर्यंत एकेका नटाला पाना लावून पाहिला. कुठला बसतो ते मी लिहीत गेलो. पुढची चाकं, स्टिअरिंगचा रॅक आणि विशबोन इंचीत निघाले. इंजिन, गिअरबॉक्स आणि मागचा एक्सल मिलिमीटरमध्ये. पुढच्या चाकाच्या उभ्या भागाच्या तळाशी आटे असलेला ब्राँझचा ट्रनियन, म्हणजे चाक वळताना फिरणारा सांधा, दिसला आणि मेस्त्री म्हणाले, ‘‘हेराल्ड. याला ग्रीस नाही, गिअरचं ऑइल लागतं. लोक ग्रीस भरायचे आणि मग चाक तुटायचं.’’

ट्रायम्फ हेराल्ड इंग्लंडमध्ये १९५९ साली आली आणि १९६१ पासून मद्रासच्या स्टँडर्ड मोटर प्रॉडक्ट्स कंपनीनं ती इथं बनवायला सुरुवात केली. हिचे पुढचे भाग हलके आणि मजबूत असल्यामुळे इंग्लंडमध्येही शर्यतीच्या गाड्या बांधणाऱ्यांनी ते भरपूर वापरले. वखारीतल्या गाडीचं इंजिन मात्र चार सिलिंडरचं, १०८९ सीसीचं, म्हणजे मुंबईत कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातल्या फियाट ११०० चं. फियाटचा गिअर स्टिअरिंगच्या दांड्यावर असायचा. इथं गिअरबॉक्सवर लोखंडी पट्टी बसवून त्यातून सरळ दांडा वर काढला होता. ॲक्सिलरेटरच्या पॅडलला डाव्या बाजूनं लोखंडाची एक जीभ पितळी झाळ देऊन जोडली होती. ब्रेकवर पाऊल ठेवून त्याच पायानं ॲक्सिलरेटर दाबता यावा आणि वळणाआधी खालचा गिअर झटका न देता टाकता यावा, यासाठी ती सोय. ज्यानं ही जीभ जोडली त्याला गाडी चालवता येत होती, नुसती बांधता येत नव्हती.

असं मिसळीचं काम का, याचं उत्तर त्या काळात आहे. परदेशी गाडी आणायची तर परवाना आणि भरमसाठ जकात. देशी फियाटसाठी वर्षानुवर्षं नाव नोंदवून थांबायचं. शर्यतीचं इंजिन विकत घेणं बहुतेकांच्या आवाक्याबाहेर. मग अपघातात मोडलेल्या गाड्या हाच सुट्या भागांचा बाजार. जगभर घरगुती रेसिंग गाड्यांची सुरुवात अशीच झाली. १९४६ मध्ये इंग्लंडमध्ये कूपर बापलेकांनी दोन मोडक्या फियाट टोपोलिनोंचे पुढचे भाग पाठीला पाठ लावून जोडले आणि मध्ये मोटारसायकलचं इंजिन बसवलं. कॉलिन चॅपमननं १९४८ मध्ये जुन्या ऑस्टिन सेव्हनवर आपली पहिली गाडी बांधली, तिच्यातून पुढं लोटस उभी राहिली. तिथं क्लबांनी नोंदी ठेवल्या आणि गाड्यांच्या लॉगबुकात एकामागून एक मालकांची नावं राहिली, म्हणून त्या गाड्यांचा माग आजही लागतो.

आमच्याकडं तारखेसाठी डायनमो होता. लुकास कंपनीच्या विजेच्या भागांवर बनवल्याचा काळ ठोकलेला असतो. ब्रेक क्लीनरनं पुसल्यावर ६३ हा आकडा स्पष्ट वाचता आला. पण डायनमो कधीही बदलता येतो, त्यामुळे एवढ्यावरून निष्कर्ष काढता येत नव्हता. मेस्त्रींनी भिंगातून त्याच्या बाजूला पाहिलं. तिथं हिरव्या रंगाचा बारीक फवारा उडाला होता आणि चासीचा सगळ्यांत आतला थरही त्याच हिरव्या रंगाचा होता. चासीला पहिला रंग दिला तेव्हा हा डायनमो जागेवर होता. म्हणजे गाडी १९६३ च्या आधीची नाही.

रंगाचे थर पाहण्यासाठी बॉनेटच्या आतल्या कोपऱ्यात, कुणाला दिसणार नाही अशा जागी, बारीक वॉटर पेपरनं गोल गोल घासलं. झाडाच्या खोडासारखी वर्तुळं उघडी पडली: वर लाल, त्याखाली लांबी, त्याखाली हिरवा, सगळ्यांत खाली रेड ऑक्साइड. बाजूच्या पत्र्यावर तिरपा उजेड टाकला तेव्हा लाल रंगाखाली एका पांढऱ्या गोलाची कड उठून दिसली. गोलात आकडा होता. लाल रंगाच्या वरही एक गोल होता, त्यातला आकडा वेगळा. शर्यतीगणिक नंबर बदलतो. ही गाडी हिरवी असताना एकदा तरी नोंदली गेली आणि लाल झाल्यावर पुन्हा.

मधल्या काळात काय झालं ते मागच्या उजव्या कोपऱ्यानं सांगितलं. चासीचे सांधे बहुतेक गॅसनं जोडलेले, सपाट आणि एकसारखे. हे सावकाश काम करणाऱ्या माणसाचे सांधे होते. मागच्या उजव्या बाजूचे मात्र आर्क वेल्डिंगचे, गाठी गाठी झालेले, आणि पाइप जोडताना आत दुसरा पाइप घालून आधार दिलेला. त्या सांध्यांवर फक्त लाल रंग होता, हिरवा नव्हता. हिरवी असताना गाडी मागून धडकली किंवा फिरून आदळली, घाईनं दुरुस्त झाली, लाल रंगवली गेली आणि पुन्हा धावली. कागदाचा एक तुकडाही नसताना गाडीच्या आयुष्यातला एक अपघात आणि त्यानंतरची जिद्द आमच्यासमोर आली.

शेवटची तारीख घरातल्या आजींनी दिली. त्या म्हणाल्या, ‘‘साल काय ते मला सांगता यायचं नाही. पण भूकंप झाला तेव्हा ती मागच्या पडवीत होती. पहाटे पोरांना घेऊन अंगणात पळालो. उजाडल्यावर बघतो तर पडवीचा वासा हिच्या नाकावर पडलेला.’’ कोयनेचा भूकंप ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे झाला. आमच्या भागात त्या पिढीतली माणसं लग्नं, बाळंतपणं, घरबांधणी सगळं त्या दिवसाच्या आधीचं की नंतरचं असंच मोजतात. नाकावर चेपा होताच. त्या चेप्यात लाल रंग फुटलेला होता आणि त्यावर दुसरा रंग नव्हता. आजींची आठवण आणि पत्र्याची खूण एकमेकींना जुळल्या. १९६३ मध्ये किंवा त्यानंतर बांधलेली, निदान दोनदा धावलेली, एकदा मोडून सावरलेली ही गाडी १९६७ संपायच्या आत चिपळुणात पोचली होती.

राहिला प्रश्न बांधणाऱ्याचा. इंजिनाला दोन कार्बोरेटर बसवण्यासाठी अ‍ॅल्युमिनियमचा मॅनिफोल्ड खास ओतून घेतलेला होता. त्यावर कंपनीचं नाव नाही, नंबर नाही. कुंभार्ली घाट चढून कराडमार्गे तो कोल्हापूरला शिवाजी उद्यमनगरात नेला. ऑइल इंजिनांपासून गुऱ्हाळाच्या यंत्रांपर्यंत सगळं ओतणाऱ्या आणि घडवणाऱ्या त्या वस्तीत कास्टिंग वाचणारी माणसं भेटतात. एका वयस्कर फाउंड्रीवाल्या मामांनी तो हातात फिरवला, आतल्या पोकळीत बोट घातलं आणि म्हणाले, ‘‘ह्यो एकच वतलाय. लाकडाच्या रेषा उठल्यात बघा. पॅटर्नला पॉलिश सुदीक केलं न्हाई. धा पीस काढायचे असते तर असं कोण करंल?’’ आतून कानशीनं घासून वाट गुळगुळीत केल्याच्या खुणा त्यांनीच दाखवल्या. हा भाग कोल्हापुरात ओतला असंही म्हणता येत नाही, कारण मुंबईतही असं काम होत होतं. एका माणसानं एकाच गाडीसाठी तो करून घेतला, एवढं नक्की.

तिथून इचलकरंजी जवळ आहे आणि या संदर्भात तिची आठवण आवश्यक आहे. शंकरराव कुलकर्णी यांनी १९४९ मध्ये तिथं ‘मीरा’ ही छोटी मोटार बांधली आणि पुढची वीसहून अधिक वर्षं ते तिचे सुधारलेले नमुने करत राहिले. सामान्य कुटुंबाला परवडेल अशी, साधारण १२ हजार रुपयांची गाडी हे त्यांचं ध्येय होतं. तिचं कारखान्यातलं उत्पादन कधी सुरू झालं नाही. पण तिचे फोटो, पासिंगचे नंबर आणि माणसाचं नाव टिकलं, म्हणून आज कुणीही ‘मीरा’ची गोष्ट सांगू शकतो. वखारीतल्या गाडीमागंही तसेच हात होते, फक्त त्यांची नोंद झाली नाही.

पुढचा शोध कागदांत आहे. १९५० आणि ६० च्या दशकांत मुंबईत जुहूच्या विमानतळाच्या धावपट्टीवर मोटारींच्या शर्यती होत. १९३२ मध्ये जे. आर. डी. टाटा कराचीहून टपाल घेऊन जिथं उतरले तीच ही जागा. देशातल्या मोठ्या शर्यती मद्रासजवळ शोलावरमला, दुसऱ्या महायुद्धातल्या धावपट्टीवर होत आणि मुंबईकर आपल्या गाड्या ट्रकानं तिकडं नेत. त्या शर्यतींची कार्यक्रमपत्रिका छापली जायची. तिच्यात नंबर, चालक आणि गाडीचं वर्णन असायचं. मुंबईतल्या ग्रंथालयांत जुन्या वर्तमानपत्रांच्या फाइली आहेत आणि अनेक घरांतल्या पेट्यांत फोटो आहेत. आमच्याकडं दोन नंबर, दोन रंग आणि चार वर्षांची चौकट आहे. एका छायाचित्रानं नाव लागू शकतं. तोवर या गाडीला कुणा प्रसिद्ध चालकाचं नाव चिकटवायचं नाही, हे घरच्यांनी मान्य केलं आहे. खोटं नाव लागलं की खरं शोधणं थांबतं.

कायद्याचा आधार इथं तोकडा आहे. जुलै २०२१ मध्ये केंद्र सरकारनं पन्नास वर्षांहून जुन्या वाहनांसाठी व्हिंटेज नोंदणीचे नियम आणले. त्यांत ‘व्हीए’ मालिकेचा नंबर मिळतो आणि नव्या नोंदणीला २० हजार रुपये शुल्क आहे. पण वाहन मूळ रूपात असावं, चासी आणि इंजिनात मोठे बदल नसावेत, अशी त्यात अट आहे. दोन गाड्यांच्या भागांतून जन्मलेल्या आणि कधीच पासिंग न झालेल्या गाडीचं मूळ रूप कुठलं, याचं उत्तर त्या नियमांत मिळत नाही. अशा गाड्यांसाठी वेगळी नोंदवही ठेवण्याचं काम मोटर क्लब, वस्तुसंग्रहालयं आणि गावोगावच्या वाचनालयांनीच हाती घ्यायला हवं. पुरात पुस्तकं भिजण्याचं दुःख काय असतं ते चिपळूणच्या लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिरानं २००५ आणि २०२१ अशा दोन्ही पुरांत सोसलं आहे. कागद एकाच जागी ठेवून भागत नाही, त्याची प्रत दुसऱ्या गावात असावी लागते, हे इथल्या माणसाला वेगळं सांगावं लागत नाही.

गाडी आता जमिनीपासून उंच ओट्यावर आहे. लाल रंग, चेपा आणि गाठाळ वेल्डिंग जसंच्या तसं ठेवलं आहे. नंबरांचे पेन्सिल ठसे, फोटो आणि आजींचं बोलणं यांच्या प्रती तीन ठिकाणी ठेवल्या आहेत. वाचकांना एवढंच सांगणं आहे. घरात जुनी गाडी, इंजिन किंवा घरी बनवलेलं कुठलंही यंत्र असेल, तर ते भंगारात देण्याआधी एक दिवस त्याला द्या. धुवू नका, रंगवू नका. ठोकलेले आकडे कागदावर उतरवून घ्या. जुन्या फोटोंच्या मागं माणसांची नावं आणि साल पेन्सिलनं लिहा. आणि ज्यांच्या हातांनी ते बनलं, ती माणसं हयात असतील तर त्यांच्याशी याच आठवड्यात बोला.