‘लोकशाही आहे, काहीही बोलता येतं’ आणि असेच काही गैरसमज

स्वातंत्र्याचा विषय निघाला की दोन वाक्यं हमखास ऐकू येतात. एक, ‘लोकशाही आहे, कोण काय वाकडं करणार?’ आणि दुसरं, ‘कसली लोकशाही, सगळं वरच्यांच्या हातात!’ दोन्ही अर्धवट आहेत. भारतीय नागरिकाचं स्वातंत्र्य खरं आहे आणि न्यायालयात टिकणारं आहे. पण त्याला अटी आहेत. ती अट कुणी घातली, कोणत्या कायद्याने आणि कशासाठी, हे नागरिक विचारतो की नाही यावर बरंच काही ठरतं. नेहमीचे सहा गैरसमज तपासून पाहू.

गैरसमज 1 : भाषणस्वातंत्र्य म्हणजे काहीही बोलायची मुभा.

वस्तुस्थिती : राज्यघटनेच्या कलम 19 मध्ये भाषण आणि अभिव्यक्तीचं स्वातंत्र्य आहे आणि त्याच कलमात त्यावरचे निर्बंधही आहेत. देशाचं सार्वभौमत्व व एकात्मता, राज्याची सुरक्षितता, परराष्ट्रांशी मैत्रीचे संबंध, सार्वजनिक सुव्यवस्था, सभ्यता व नीतिमत्ता, न्यायालयाचा अवमान, बदनामी आणि गुन्ह्याला चिथावणी, अशी आठ कारणं तिथे दिली आहेत. त्यातली काही 1951 च्या पहिल्या घटनादुरुस्तीने आली. निर्बंध ‘वाजवी’ असला पाहिजे, ही अटही त्याच दुरुस्तीने घातली.

ही यादी बंदिस्त आहे. ‘सरकारवर टीका केली’ किंवा ‘अमक्याच्या भावना दुखावल्या’ एवढंच कारण तिच्यात नाही. ज्या राजद्रोहाच्या कलमाखाली 1908 मध्ये लोकमान्य टिळकांना सहा वर्षांची शिक्षा होऊन मंडालेला धाडलं गेलं, त्या कलमाचाही अर्थ सर्वोच्च न्यायालयाने 1962 मध्ये आवळला. हिंसेची किंवा सार्वजनिक अव्यवस्थेची चिथावणी नसेल, तर कडक टीका राजद्रोह ठरत नाही. मे 2022 मध्ये न्यायालयाने हे कलम स्थगित ठेवलं. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत ‘राजद्रोह’ हा शब्द नाही. मात्र देशाच्या सार्वभौमत्वाला धोका पोहोचवणाऱ्या कृत्यांसाठी कलम 152 आहे आणि त्याची शब्दयोजना बरीच सैल आहे.

गैरसमज 2 : अन्यायी कायदा न्यायालयाने रद्द केला की विषय संपला.

वस्तुस्थिती : पालघरचं प्रकरण आठवा. नोव्हेंबर 2012 मध्ये शिवसेनाप्रमुख बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतर मुंबईत बंद पाळला गेला. त्या बंदबद्दल पालघरमधल्या एका तरुणीने फेसबुकवर प्रश्न विचारला आणि तिच्या मैत्रिणीने त्या पोस्टला ‘लाइक’ केलं. दोघींना अटक झाली. पोस्ट लिहिणाऱ्या मुलीच्या नातेवाइकाच्या दवाखान्याची तोडफोड झाली. देशभर गदारोळ उठल्यावर पोलिस अधिकारी निलंबित झाले आणि मुलींवरचा गुन्हा पुढे बारगळला.

त्या गुन्ह्यात माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम 66 अ लावलं होतं. ‘त्रासदायक’ किंवा ‘घोर अपमानकारक’ संदेशासाठी तीन वर्षांपर्यंत कैदेची तरतूद त्यात होती. त्रासदायक म्हणजे नेमकं काय, हे कायद्यात कुठेच सांगितलं नव्हतं. 24 मार्च 2015 रोजी सर्वोच्च न्यायालयाने श्रेया सिंघल खटल्यात हे कलम घटनाबाह्य ठरवलं. तरीही त्याखाली गुन्हे नोंदवले जातच राहिले. 2021 मध्ये न्यायालयाने यावर धक्का बसल्याचं म्हटलं आणि ऑक्टोबर 2022 मध्ये, या कलमाखाली कुणावरही खटला चालवता येणार नाही, असं पुन्हा बजावावं लागलं. दिल्लीतला निकाल ठाणे अंमलदाराच्या टेबलापर्यंत पोहोचायला साडेसात वर्षं पुरली नाहीत.

गैरसमज 3 : गुन्हा शाबीत झाल्याशिवाय कुणाचं स्वातंत्र्य हिरावता येत नाही.

वस्तुस्थिती : हा सगळ्यात महागात पडणारा गैरसमज आहे. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीनुसार 2022 च्या अखेरीस देशातल्या तुरुंगांत सुमारे 5 लाख 73 हजार कैदी होते. त्यांपैकी जवळपास 76 टक्के कच्चे कैदी, म्हणजे ज्यांचा खटला अजून निकाली निघालेला नाही असे. काहींना जामीन मंजूर होतो, पण जातमुचलक्याला किंवा जामीनदाराला पैसे नसल्याने ते आतच राहतात.

त्याशिवाय प्रतिबंधात्मक स्थानबद्धता आहे. झालेल्या गुन्ह्याची शिक्षा म्हणून नव्हे, तर पुढे काही करू नये म्हणून माणसाला आत ठेवायचं. याला परवानगी घटनेच्या कलम 22 मध्येच आहे आणि ती युद्धकाळापुरती नाही. महाराष्ट्रात 1981 चा एमपीडीए कायदा हातभट्टीवाले, झोपडपट्टीदादा अशांसाठी आला आणि पुढे त्याची व्याप्ती वाढत गेली. त्याखाली एक वर्षापर्यंत स्थानबद्ध करता येतं. प्रकरण सल्लागार मंडळापुढे जातं, पण तिथे वकील मिळणं हा हक्क नाही. यात दिलासा मिळतो तो उच्च न्यायालयात, आणि बऱ्याचदा बारीक मुद्द्यांवर. स्थानबद्ध माणसाला समजणाऱ्या भाषेत कागदपत्रं दिली नाहीत किंवा त्याच्या अर्जावर निर्णय द्यायला विनाकारण उशीर केला, एवढ्यावरही आदेश रद्द होतात.

तडीपारीचंही तसंच. महाराष्ट्र पोलिस अधिनियमाखाली माणसाला दोन वर्षांपर्यंत जिल्ह्याच्या हद्दीबाहेर राहायला लावता येतं. त्यासाठी दोषी ठरणं प्रत्येक वेळी गरजेचं नसतं. साक्षीदार उघडपणे पुढे यायला घाबरतात, असं पोलिसांना वाटलं तर गोपनीय जबाबांवरही प्रस्ताव उभा राहतो. समाजकंटकांसाठीचं हे हत्यार आंदोलनात पुढे असणाऱ्या कार्यकर्त्यांवरही उगारलं गेलं आहे.

गैरसमज 4 : आणीबाणी आली की जगण्याचा हक्कही संपतो.

वस्तुस्थिती : एकेकाळी हे खरं होतं. 25 जून 1975 रोजी आणीबाणी जाहीर झाली आणि ‘मिसा’ या स्थानबद्धतेच्या कायद्याखाली हजारो लोक तुरुंगात गेले. त्यांना न्यायालयात दाद मागता येईल, असं नऊ उच्च न्यायालयांनी म्हटलं होतं. 28 एप्रिल 1976 रोजी सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध एक अशा मतांनी ते फिरवलं. एकटे न्यायमूर्ती एच. आर. खन्ना विरोधात राहिले. पुढच्याच वर्षी त्यांची सेवाज्येष्ठता डावलून दुसऱ्याला सरन्यायाधीश करण्यात आलं.

1978 च्या 44 व्या घटनादुरुस्तीनंतर मात्र चित्र बदललं. आता आणीबाणीतही कलम 20 आणि 21 निलंबित करता येत नाहीत. 2017 मध्ये नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला, तेव्हा 1976 चा तो निकालही मोडीत काढण्यात आला. जुन्या निकालातल्या बहुमतात न्यायमूर्ती यशवंत चंद्रचूड होते. तो चुकीचा होता, असं नव्या निकालात लिहिणारे न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड हे त्यांचे चिरंजीव.

गैरसमज 5 : स्वातंत्र्याला धोका असतो तो सरकारकडूनच.

वस्तुस्थिती : ज्याला गावकीने वाळीत टाकलंय त्याला विचारा. किराणा बंद, पाणवठा बंद, लग्नात बोलावणं नाही, मयताला खांदा द्यायला कुणी नाही. हे सगळं करणारे शेजारीपाजारी आणि भाऊबंदच असतात. जातपंचायतींनी आंतरजातीय लग्न केलेल्यांना दंड ठोठावल्याची आणि कुटुंबं बहिष्कृत केल्याची प्रकरणं राज्यात वारंवार उघडकीला आली. डॉ. नरेंद्र दाभोलकर आणि अंधश्रद्धा निर्मूलन समितीने या प्रश्नावर रान उठवलं. सामाजिक बहिष्काराविरुद्ध महाराष्ट्राने केलेला 2016 चा कायदा 2017 मध्ये लागू झाला. स्वतंत्रपणे असा कायदा करणारं हे पहिलं राज्य. त्यात तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही अशी शिक्षा आहे.

राजकारणात एक माणूस एक मत आणि समाजात मात्र विषमता, ही विसंगती फार काळ चालू ठेवली तर लोकशाहीच धोक्यात येईल, असा इशारा डॉ. आंबेडकरांनी 25 नोव्हेंबर 1949 रोजी संविधान सभेत दिला होता.

गैरसमज 6 : मत दिलं की पुढची पाच वर्षं हात बांधलेले.

वस्तुस्थिती : दोन मतदानांच्या मधल्या काळासाठीही नागरिकाकडे साधनं आहेत, ती वापरणारे कमी आहेत. माहिती अधिकाराच्या अर्जाला साधारण दहा रुपये लागतात आणि 30 दिवसांत उत्तर देणं बंधनकारक असतं. माहिती कुणाच्या जीविताशी किंवा स्वातंत्र्याशी संबंधित असेल तर मुदत 48 तासांची आहे, हे फारच थोड्यांना माहीत असतं.

गावपातळीवर तर महाराष्ट्राकडे नावाजलेलं उदाहरण आहे. दारूचं दुकान बंद करायचं की नाही, यावर गावातल्या बायका गुप्त मतदान करतात. मतपत्रिकेवर उभी बाटली आणि आडवी बाटली अशी दोन चित्रं असतात. निम्म्याहून जास्त महिला मतदारांनी ‘आडवी’वर शिक्का मारला की दुकानाला टाळं लागतं. अनेक गावांत ते लागलंही आहे.

मग आपण स्वतंत्र आहोत का? आहोत, पण ज्याला कायदा माहीत आहे, वकील परवडतो आणि थांबायला वेळ आहे, तो जास्त. ही दरी कमी करण्याची सुरुवात घरापासून करता येते. पोलिस ठाण्यातून ‘जरा येऊन जा’ असा फोन आला, तर लेखी नोटीस मागा. साक्षीसाठी बोलावणं असेल तर स्त्रियांना, 15 वर्षांखालच्या मुलांना आणि साठी ओलांडलेल्यांना ठाण्यात जाण्याची सक्ती नाही, त्यांचा जबाब घरी घ्यावा लागतो. अटक झालीच तर कारण विचारा, नातेवाइकांना कळवायला लावा. प्रवासाचा वेळ सोडून 24 तासांच्या आत दंडाधिकाऱ्यांपुढे उभं करणं सक्तीचं आहे. वकील परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरण फुकट देतं आणि कोठडीतल्या प्रत्येकाला तो हक्क आहे. एवढ्या गोष्टी कागदावर लिहून घरातल्या सगळ्यांना, विशेषतः तरुण मुलामुलींना, वाचून दाखवा.